हिराआत्याचा धवला आणि माझ्या चपला

कॅमेरा घरी आला त्या दिवशी आई गच्चीवर जवळा वाळत घालत होती, त्यामुळे माझ्या सिनेमातल्या कारकिर्दीला पहिल्या दिवसापासून सुक्या मासळीचा वास आहे. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. पेटीतला काळा फोम मला जरा दमट लागला, म्हणून मी तो कौतुकानं काढून गच्चीवर उन्हात ठेवला, आईच्या चटईपासून हातभर अंतरावर. संध्याकाळी उचलला तेव्हा तो छान सुकलेला होता आणि त्याच्या प्रत्येक छिद्रात जवळा मुरलेला होता. तो वास पुढे कधीच गेला नाही. नंतरच्या वर्षांत भल्याभल्या ठिकाणी, गार केलेल्या खोल्यांमध्ये, कडक इस्त्रीच्या लोकांसमोर मी ती पेटी उघडायचे, आणि माणसं एकमेकांकडे संशयानं बघायला लागली की मी चटकन बॅटरी शोधायला खाली वाकायचे.

आमचं घर बाळकुमच्या जुन्या गावठाणात. खाली ओटी, वर दोन खोल्या, त्यावर गच्ची. बाबांचे आजोबा मिठागरावर राबलेले, वडील भातशेती करणारे, आणि बाबा म्हणजे ज्यांच्या देखत त्या शेतीवर इमारती उभ्या राहिल्या असे. त्या इमारतींच्या फाटकावरचा वॉचमन बाबांना रोज हिंदीत विचारायचा, कुठे जायचंय. बाबा रोज त्याला वेगळा मजला सांगायचे, आत जायचे आणि मागच्या बाजूला बिल्डरनं शोभेसाठी ठेवलेल्या आंब्याखाली बसून यायचे. तो आंबा त्यांनीच लावलेला होता. जमिनीच्या बदल्यात जे काही आलं त्यातून माझ्या भावानं, नितीनदादानं, टेकडीएवढी गाडी घेतली आणि आईनं माझ्या लग्नासाठी सोनं करून कपाटात ठेवलं. मी कॉलेजात सिनेमाचा कोर्स केलेला, म्हणजे इतरांच्या शूटिंगमध्ये वायरी गुंडाळल्या होत्या. तर मी एके दिवशी जेवताना जाहीर केलं की मला सोनं नको, त्याच्या जागी कॅमेरा हवा, आणि साधा नको, सिनेमाचाच हवा.

आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, ताटातलं संपलं की भाकरी टाकायची, पण वर बघायची नाही. शेवटी बाबांनी निकाल दिला. ते आईला म्हणाले, की सोनं ही पोरगी घालणार नाही, कॅमेरा निदान खांद्यावर तरी घेईल. आज मला या वाक्यातली माया दिसते. तेव्हा मला वाटलेलं की माझ्या प्रतिभेला मान्यता मिळाली.

खोका उघडायला भावकी जमली होती. आईनं, कितीही रागावली असली तरी, खोक्याला हळदकुंकू लावलं. मी एखादं बाळ उचलावं तसा तो कॅमेरा दोन्ही हातांनी बाहेर काढला, समोरचं झाकण काढलं आणि सगळ्यांना दाखवला. समोर एक मोठं गोल भोक होतं. मग आईनं आठ दिवसांतलं पहिलं वाक्य उच्चारलं.

“याचा डोळा कुठाय?”

लेन्स त्यात नव्हती. असल्या कॅमेऱ्याला लेन्स वेगळी घ्यावी लागते हे मला पक्कं ठाऊक होतं. वर्षभर मी रात्रंदिवस त्या कॅमेऱ्याबद्दल वाचत होते, त्याच्या आतल्या सेन्सरचं माप मला माझ्या चपलेच्या मापासारखं पाठ होतं. पण घेताना, पिशवीत ती पेटी पडताना, मला इतका आनंद झालेला की लेन्स ही गोष्टच डोक्यातून गेली. मी खाकरून सांगितलं की प्रोफेशनल कॅमेऱ्याला लेन्स नसते, ती सीननुसार ठरवतात. नितीनदादानं विचारलं की बॅटरी पण सीननुसार ठरवतात का. कारण बॅटरीही नव्हती.

लेन्स मिळाली ती कल्याणला, सावंतकाकांकडे. काकांचा कल्याणच्या जुन्या बाजारात फोटो स्टुडिओ होता. माझ्या आईबाबांच्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढलेले. आता तिथे त्यांचा मुलगा झेरॉक्स काढायचा आणि काका आतल्या बाजूला स्टुलावर बसून पेपर वाचायचे. मूळचे मालवणकडचे, बोलणं मोजकं, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद. माझा कॅमेरा त्यांनी सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला, कपाटातून आपल्या जुन्या फोटोच्या कॅमेऱ्याची एक जड लेन्स काढली, फडक्यानं पुसली आणि माझ्या हातात दिली. ती बसवायला मध्ये एक कडी लागणार होती, तीही त्यांनीच ओळखीच्या दुकानातून आणून दिली. मग त्यांनी विचारलं की याचं माहितीपुस्तक कुठे आहे. मी सांगितलं की ते कॉम्प्युटरवर असतं, चारेकशे पानं आहेत, कोणी वाचत नाही. काकांनी मुलाला ती सगळी पानं छापायला लावली आणि तांबडी पेन्सिल घेऊन ती वाचायला बसले.

त्यानंतर दर दोन दिवसांनी त्यांचा फोन यायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट मजकूर. प्राजक्ता, यात असं लिहिलंय की ही सेटिंग ठेवली तर चित्र फिकट राखाडी नोंदलं जातं, रंग मागाहून काढायचे असतात, छोट्या पडद्यावर मात्र रंगीत दिसत राहतं, तर फसू नकोस. मी हो हो काका म्हणायचे. ते माझ्या एका कानातून आत जायचं आणि दुसऱ्या कानापर्यंतही पोचायचं नाही, कारण मधल्या जागेत मी स्वतः बसलेली होते. मी तेव्हा आठ खिशांची पँट शिवून घेतली होती. आठही खिसे रिकामे होते. काळी टोपी उलटी घालून, कॅमेरा खांद्यावर घेऊन मी गावठाणातून फिरायचे, आणि बोंबील साफ करणाऱ्या बायका माझ्याकडे बघून पदर सारखा करायच्या, तेव्हा मी त्यांना सांगायचे की कॅमेऱ्याकडे बघू नका, नॅचरल राहा. घरी आल्यावर मान धरलेली असायची. आई न बोलता बाम चोळायची. ती फार जोरात चोळायची.

पहिल्या दोन महिन्यांत मी काय काय टिपलं याची यादी करायची म्हटलं तर कुकरची शिट्टी, तांदळाच्या भाकरीवर आईची बोटं, खाडीकडचं आकाश, बाबांची पाठ, आणि पुन्हा कुकरची शिट्टी. हे सगळं मी कॅमेऱ्याच्या तळहाताएवढ्या पडद्यावर बघायचे आणि स्वतःवर खूश व्हायचे. मोठ्या पडद्यावर एकदाही लावून बघितलं नाही. लावलं असतं तर पुढचं थोडं तरी टळलं असतं. सगळं टळलं नसतं, कारण जे खरं बिघडलेलं होतं ते कॅमेऱ्यात नव्हतं.

मग नितीनदादाचं लग्न ठरलं आणि हिराआत्या आली.

हिराआत्या बाबांची थोरली बहीण, डोंबिवलीजवळच्या मानपाड्याला दिलेली. आमच्या ठाण्यातही एक मानपाडा आहे, आणि आत्याकडे जायला निघालेले निम्मे पाहुणे आधी तिथे जाऊन यायचे. आत्या धवलारीण होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्या लोकांत लग्नाचे विधी धवलारीण गाऊन लावते. हळद दळण्यापासून मांडव परतेपर्यंत प्रत्येक गोष्टीचं गाणं, म्हणजे धवला, तिला पाठ असतो. ती एक ओळ सांगते, मागच्या बायका ती झेलतात. कागद कुठे नाही. आत्याला हे सगळं तिच्या आईकडून आलेलं, म्हणजे माझ्या आजीकडून, जिला मी बघितलेलं नाही. आत्याच्या धवल्यात देवांना लग्नाचं आवतण असायचं, मग खाडीला, मग वेशीला, मग गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन, आणि मग, लग्न कुणाचंही असो, माहेरच्या म्हणजे आमच्या शेतांना. आमच्या प्रत्येक खाचराला नाव होतं. वडाचं खाचर, लांबोळं खाचर, बांधाखालचं. त्यातलं एकही आता उरलेलं नव्हतं, पण आत्या त्यांना आवतण द्यायची आणि बाबा त्या वेळी जिथे असतील तिथे उभे राहायचे.

मला त्यात माझा सिनेमा दिसला. शेवटची धवलारीण, मागे टॉवर, परदेशी महोत्सव. मी आत्याला सांगितलं की तुझा आवाज सगळ्या जगाला ऐकवते. तिला जगाचं काही वाटलं नाही. तिनं विचारलं, “मना पन ऐकाला मिलंल?” पन्नासेक वर्षं ती गात होती आणि स्वतःचा धवला तिनं कधी बाहेरून ऐकलेला नव्हता. मोबाइलवर कोणी ना कोणी तुकडा घेतलेला असायचा, पण तो घेणाऱ्याच्याच फोनमध्ये राहायचा. मी म्हटलं, पहिल्यांदा तुलाच दाखवणार.

हळद दळायची ती दुपारी. दारात मांडव, वर पिवळं कापड, त्यातून ऊन गाळून सगळ्यांच्या अंगावर पडलेलं. एका बाजूला मोठ्या कढईत वडे तळले जात होते, तांदळाच्या पिठाच्या वड्यांचा तो गोडसर तेलकट वास, आणि जात्याची घरघर. जात्याभोवती पाच बायका, मध्ये आत्या, हिरव्या लुगड्यात, डोळे अर्धे मिटून. आत्यानं पहिली ओळ उचलली आणि मी तिला थांबवलं. फोकस लागला नव्हता. ती पुन्हा गायला लागली, मी पुन्हा थांबवलं, कारण मागे कोणीतरी पाण्याचा ड्रम घेऊन गेलं. तिसऱ्यांदा आत्यानंच थांबून माझ्याकडे बघितलं. कॅमेऱ्याच्या पुढच्या अंगाला नोंद चालू असताना एक लाल दिवा लागतो, त्याकडे बोट करून ती म्हणाली, “तो लाल डोला मना बगतंय. बंद कर.” मी मोठ्या कलाकाराच्या मनाचा मोठेपणा दाखवत मेनूत जाऊन तो दिवा बंद केला. पाठीमागचाही बंद झाला. आता नोंद चालू आहे की नाही हे छोट्या पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका ठिपक्यावरूनच कळणार होतं, आणि त्या पडद्यावर मांडवातलं ऊन असं पडलेलं की मला तिथे फक्त माझी टोपी दिसत होती.

मी बटण दाबलं. पण दिव्याच्या खटपटीत नोंद आधीपासूनच चालू राहिली होती, त्यामुळे माझ्या दाबण्यानं ती बंद पडली. हे मला अर्थात तेव्हा कळलं नाही. आत्या गायली. देव आले, खाडी आली, वेस आली, आजोबा, पणजोबा, मुंबईला जाऊन परत न आलेला एक काका, सगळे आले. खाचरं आली. बाबा मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. मी गुडघ्यांवर बसून, श्वास रोखून, अतिशय सुंदर चौकटी लावत होते. एवढ्या सुंदर चौकटी मी पुढे आयुष्यात लावलेल्या नाहीत, असं मी म्हणू शकते, कारण पुरावा नाही. धवला संपला, बायका चहाला उठल्या, मी बटण दाबून नोंद बंद केली, म्हणजे चालू केली, आणि कॅमेरा पट्ट्यानं खाली लोंबकळत सोडून मैत्रिणीला फोन लावला.

लग्न पार पडलं. पाहुणे गेले, आत्या मात्र दोन दिवस थांबली. तिला बघायचं होतं. रविवारी सकाळी आम्ही खालच्या ओटीवर मोठा टीव्ही लावला. आत्या नवीन लुगडं नेसून पुढच्या खुर्चीत बसली, अगदी लग्नाला निघाल्यासारखी. बाबा, आई, नवी वहिनी, भावकीतल्या जात्यावरच्या पाचही बायका. मी टोपी घातली होती, घरात.

पहिलं चित्र आलं ते राखाडी. पिवळा मांडव राखाडी, हळद राखाडी, हिरवं लुगडं राखाडी. वहिनीनं हळूच विचारलं की त्या दिवशी धुकं होतं का. मला काकांचा फोन आठवला, कितवं पान तेही आठवलं, आणि मी तोंड उघडून सांगणार की रंग नंतर काढायचे असतात, तेवढ्यात आत्या पडद्यावर थांबली, बोट पुढे करून काहीतरी म्हणाली, चित्र हललं आणि तुटलं. त्यापुढे माझ्या चपला आल्या.

माझ्या चपला, मांडवाची सतरंजी, पुन्हा चपला. उजव्या चपलेचा अंगठा तुटायला आलेला होता, तो मोठ्या पडद्यावर फार स्पष्ट दिसत होता. फोकस उत्तम होता. आणि आवाज. कॅमेऱ्यावर बसवलेला माईक ज्याच्या तोंडाजवळ असतो त्याचा आवाज सगळ्यात खणखणीत घेतो. ओटीभर माझा आवाज भरला. मी मैत्रिणीला सांगत होते, की शॉट जबरदस्त मिळालेत, पण म्हातारी फार लांबवते गं, नुसती नावंच नावं, शेतांची पण नावं, कोणाला कळणार आहे, अर्धं कापूनच टाकायला लागेल. आणि मग माझं हसणं. मी टीव्ही बंद करायला उठले, पण रिमोट कुठे ठेवलाय ते सापडेना, आणि त्या अवधीत मी पडद्यावर अजून एकदा हसले.

शेवटी मी भिंतीवरचं बटण दाबून टीव्ही बंद केला. बाबा उठून बाहेर गेले. मला वाटतं त्यांना खाचरांवरून लागलं, पण त्यांनी ते मला शेवटपर्यंत सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आत्या अजून टीव्हीकडेच बघत होती. मग तिनं पदर नीट केला आणि माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, म्हणाली, “कापाचाच व्हता, त मना गायाला कनाला लावलंस?”

नितीनदादा तिला गाडीनं सोडतो म्हणाला. ती म्हणाली, ही सोडंल. मी आणि ती रिक्षानं, मग बसनं, मग पुन्हा रिक्षानं मानपाड्याला गेलो. सव्वा तास. तिनं मला काही ऐकवलं असतं तर बरं झालं असतं. तिनं रस्ताभर कुठल्या इमारतीच्या जागी काय होतं तेवढं सांगितलं. मी मध्ये दोनदा माफी मागायचा प्रयत्न केला, आणि दोन्ही वेळा माझ्या तोंडून तांत्रिक खुलासा निघाला, दिवा कसा बंद झाला आणि बटण कसं उलटं पडलं. माणसाला खरी लाज वाटली की तो यंत्राबद्दल बोलायला लागतो. हे मी नंतर पुष्कळ सेटवर बघितलंय. घरी पोचल्यावर तिनं मला सुकटीची चटणी आणि भाकरी वाढली, जेवेपर्यंत समोर बसली, आणि मी निघताना एवढंच विचारलं, की शेतांची नावं तुला तरी येतात का. मला तीन आली. एकूण अकरा होती.

पुढच्या मंगळवारी मी पुन्हा गेले. कॅमेरा नेला नाही, वही नेली. आत्यानं वही बघितली आणि सांगितलं की लिहून येत नाही, तोंडानं म्हण. लग्न नसताना धवला गायचा नाही असा तिचा नेम होता, म्हणून ती ओळी नुसत्या बोलून दाखवायची, चाल न लावता, भाजी निवडता निवडता. मागच्या एमआयडीसीतून संध्याकाळी एक आंबूस वास यायचा, तो आला की ती खिडकी लावायची, तेवढ्यापुरता पाठ थांबायचा. मी मंगळवारमागून मंगळवार गेले. त्यात प्रायश्चित्त किती आणि सिनेमा वाचवायची धडपड किती, हे तेव्हा मला सांगता आलं नसतं. आता विचारलंत तर निम्मं निम्मं म्हणेन, आणि तेही स्वतःवर मेहेरबानी करून. अकरा खाचरं पाठ झाली. गेलेली माणसं पाठ झाली. घरी भांडी घासताना मी ओळी म्हणायचे आणि बाबा पेपर तोंडासमोर धरून चुका दुरुस्त करायचे. त्या वेळी आमच्यात एवढंच बोलणं होतं, पण होतं.

दरम्यान मी कल्याणला सावंतकाकांकडे जाऊन सगळं सांगितलं, चपलांसकट. काका हसले नाहीत. त्यांनी छापील पानांचा गठ्ठा काढला, तांबड्या पेन्सिलीनं खूण केलेलं पान माझ्यासमोर ठेवलं आणि स्वतः चहा सांगायला गेले. मी त्या दिवशी पहिल्यांदा ते पुस्तक वाचलं. दोन चहांत चाळीस पानं. राखाडीतून रंग कसे काढतात ते मुलाच्या कॉम्प्युटरवर आम्ही दोघांनी मिळून शिकलो. काकांना रंगांची नजर होती आणि मला माउस चालवता येत होता.

आठेक महिन्यांनी आत्याच्या शेजारी एका मुलीचं लग्न निघालं. आत्याच्या बरोबरीनं गाणारी बाई तोवर मुलाकडे पुण्याला गेली होती आणि ओळ झेलणाऱ्या नव्या सुनांना नुसतं गुणगुणता येत होतं. आत्यानं मला निरोप पाठवला, की कॅमेरा आण. मी हरखले. तिथे पोचल्यावर तिची अट कळली. कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवायचा, कोणीही त्याला हात लावायचा नाही, आणि मी तिच्या शेजारी जात्याला बसून गायचं. मी समजावलं की मला सूर नाही, शाळेत प्रार्थनेलासुद्धा मला मागे उभं करायचे. ती म्हणाली की तिला ते माहीत आहे.

कॅमेऱ्याला सावंतकाका आले. कल्याणहून रिक्षा करून, सोबत स्वतःचं स्टूल आणि छत्री. छत्री कॅमेऱ्याच्या पडद्यावर सावली धरायला होती. त्यांनी चौकट लावली, फोकस तपासला, लाल दिव्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला, ठिपका नीट दिसतोय याची खात्री केली आणि मोठ्यानं, वर्गात हजेरी घ्यावी तसं, “चालू” असं सांगून स्टुलावर बसले. मग आत्यानं ओळ उचलली आणि मी झेलली.

त्याबद्दल फार लिहीत नाही. मांडवातली पोरं पहिल्या पाच मिनिटांत हसून पांगली. एक म्हातारी कानावरचा पदर सारखा करत होती असं दाखवत कान झाकत होती. मला घाम फुटलेला, हात जात्याच्या खुंट्यावर घसरत होता, पण एकदा खाचरांपाशी आलो आणि आत्याला खोकला आला. ती ओळ सांगू शकेना. मागच्या सुना थांबल्या. मांडव थांबला. मी लांबोळं खाचर घेतलं, बांधाखालचं घेतलं, वडाचं घेतलं, जसं जमेल तसं, बेसूर, अकराच्या अकरा. शेवटच्या नावाला आत्याचा श्वास परत आला आणि तिनं माझ्या हातातून ओळ काढून घेतली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. जातं मात्र तिनं थोडं माझ्याकडे सरकवलं.

घरी येऊन मी ते कापायला बसले. म्हणजे काय, माझा आवाज काढून आत्याचा ठेवायचा, एवढंच. ते होत नव्हतं. माईक एक होता आणि आम्ही मांडीला मांडी लावून बसलेलो. तिची ओळ संपायच्या आत माझी सुरू, माझी संपायच्या आत तिची. जिथे मला कापावं तिथे तीही जात होती. तीन दिवस खटपट करून मी काकांना फोन केला. काका म्हणाले की त्यांना वाटतं, आत्याबाईंना हे आधीपासूनच ठाऊक असावं. तो सिनेमा कुठल्याही महोत्सवात गेला नाही. मी पाठवला होता एका ठिकाणी, त्यांचं नम्र पत्र आलं, त्यात ध्वनीबद्दल एक परिच्छेद होता.

पण त्याआधी मी तो मानपाड्याला नेला. रंग काढलेले होते, हिरवं हिरवं दिसत होतं आणि हळद हळदीची. या वेळी आत्या नवीन लुगडं वगैरे नेसली नव्हती. मी लॅपटॉप तिच्यासमोर स्टुलावर ठेवला. बाबाही माझ्याबरोबर आलेले, ते दारातच उभे राहिले. आत्या हात मांडीवर ठेवून ऐकत होती. चेहरा हलत नव्हता. देव आले, खाडी आली, वेस आली. अर्ध्यात तिनं मान बाबांकडे वळवली.

“ही आय हाय,” ती म्हणाली. “माजा आवाज नाय ह्यो. आय गातंय.”

बाबांनी मान हलवली. त्यांना आधीच कळलं असावं, कारण ते दाराची चौकट मांडवाच्या खांबासारखी धरून उभे होते. मी बंद करायला हात पुढे केला, तो आत्यानं धरला आणि तसाच धरून ठेवला. धवला पुढे चालू राहिला. खाचरांपाशी आला, तिथे आत्याचा आवाज तुटला आणि दुसरा एकटाच राहिला, मोठा, बेसूर, एकामागून एक नावं ओढत नेणारा. आत्यानं भुवया आकसल्या आणि पडद्याकडे वाकून बघितलं.

“आनि ह्यी बाजूला कोन रेकतंय?”